उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. खालच्या वाळवंटातल्या फीनिक्स-चँडलरकडचे मित्र, त्यांच्याकडे पुण्या-ठाण्याहून आलेले आईवडील, कधी मित्राच्या मित्राची चुलतबहीण. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. फ्लॅगस्टाफ म्हणजे ग्रँड कॅन्यनला जाताना मुक्काम करतात तेच ना? तिथे वेगळं बघण्यासारखं काही आहे का?

तेच. आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. रात्री दहाला हॉटेलात शिरायचं, सकाळी सातला निघायचं, आणि पुढे सांगायचं की फ्लॅगस्टाफ बघितलं.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं, उत्तरेकडचं हे साधारण ७७ हजार वस्तीचं गाव आहे. विद्यापीठाचं गाव, रेल्वेचं गाव, आणि रूट ६६ हा जुना महामार्ग याच्या मधून जातो. डोक्यावर सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाचे डोंगर आहेत, म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचे उरलेले कडे. गावाची उंची जवळजवळ ७,००० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांवर संपतं. इथलं रेल्वे स्टेशन त्याच्याही दीड हजार फूट वर आहे. ॲरिझोना म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा हात वर केलेला निवडुंग इथे औषधालाही सापडत नाही. इथे सगळीकडे पॉन्डेरोसा पाइन. ऊन तापलं की एखाद्या जुन्या, तांबूस सालीच्या झाडाशी जा आणि सालीच्या भेगेला नाक लावा. व्हॅनिलाचा वास येतो. पाहुण्यांना मी आधी हे करायला लावते. सुरुवातीला सगळे हसतात आणि मग दुसऱ्या झाडाकडे जातात.

फीनिक्सकरांचं हे महाबळेश्वर आहे, फक्त स्ट्रॉबेरी नाही.

२. नक्की कोणत्या महिन्यात यावं?

भारतातून येणारी मंडळी 'उन्हाळा' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एप्रिल-मे असतो. इथला उन्हाळा जून ते ऑगस्ट. मेमध्ये इथे वारा पिसाळलेला असतो, रात्री गारठा असतो आणि महिन्याच्या सुरुवातीला एखादे दिवशी बर्फही पडतं. जून कोरडा असतो. आकाश निळंशार, तारे बघायला उत्तम, पण वणव्याची भीती सगळ्यात जास्त (प्रश्न १३). जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि जंगल बघता बघता हिरवं होतं. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास मात्र येऊ नका. मिरवणूक छान असते, पण हॉटेलांचे भाव ऐकून घाम फुटतो.

माझं मत विचाराल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. सप्टेंबर त्याहून सुंदर असतो, पण तोवर उन्हाळा संपलेला असतो.

३. ॲरिझोनात मान्सून? चेष्टा करताय का?

नाही. हवामान खातं इथे १५ जून ते ३० सप्टेंबर हा अधिकृत मान्सून धरतं. उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा बदलते आणि दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या बाजूने दमट हवा वर येते.

नाव मान्सून असलं तरी वागणूक आपल्या वळवाची आहे. आषाढासारखी दिवसभराची रिपरिप नसते. सकाळ स्वच्छ असते. अकराच्या सुमारास डोंगरांच्या माथ्यावर कापूस जमायला लागतो, एक-दोनपर्यंत तो काळा होतो, मग वीज, गडगडाट, कधी गारा, आणि तास-दीड तासात पुन्हा ऊन. मातीचा वासही येतो, त्यात पाइनचा मिसळलेला.

बाकी सगळं विसरलात तरी यातला हा हिशेब लक्षात ठेवा: जे काही उघड्यावर करायचंय ते सकाळी करा. दुपारी संग्रहालय, कॉफी, नाहीतर सरळ वामकुक्षी. संध्याकाळी पुन्हा बाहेर. या गावाचा दिवस असाच चालतो. जूनमध्ये सव्वापाचलाच उजाडतं, त्यामुळे लवकर उठणाऱ्या आजी-आजोबांना हे वेळापत्रक फार मानवतं. अडचण त्यांच्या नातवंडांची असते.

४. फीनिक्सला ४५ अंश आहे. स्वेटर खरंच आणायचा?

हो. जुलैत फ्लॅगस्टाफला दुपारी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १०-११. तारे बघायला रात्री उभं राहायचं असेल तर जाकीट, कानटोपी लागते. गेल्या वर्षी एका काकांनी हॉटेलातला पांघरायचा टॉवेल गुंडाळून शनी पाहिला. रेनकोट आणाच; छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, आणि विजा चमकत असताना उघड्यावर धातूची दांडी हातात नसलेलीच बरी. टोपी आणि सनस्क्रीनही हवं. हवा गार असली तरी या उंचीवरचं ऊन भाजतं.

५. कसं पोचायचं? आम्हाला इथे गाडी चालवायची नाही.

फीनिक्सच्या विमानतळापासून १४५ मैल, इंटरस्टेट १७ ने साधारण अडीच तास. या अडीच तासांत तुम्ही जवळजवळ ६,००० फूट चढता. वाटेतल्या चढांवर एसी बंद करा असे बोर्ड दिसतील. ते इंजिन तापू नये म्हणून आहेत. भाड्याची नवी गाडी असेल तर फारसं बिघडत नाही, पण मित्राची पंधरा वर्षं जुनी गाडी असेल तर बोर्डाचं ऐका.

गाडी नको असेल तर विमानतळावरून शटल व्हॅन सुटतात. फ्लॅगस्टाफला छोटा विमानतळही आहे. आणि ॲमट्रॅकची साउथवेस्ट चीफ ही शिकागो-लॉस एंजेलिस रेल्वेगाडी रोज दोन्ही दिशांनी इथे थांबते. गावात माउंटन लाइनच्या बस आहेत, मध्यवस्ती पायी फिरता येते. पण खरं सांगायचं तर गावाबाहेरची ठिकाणं गाडीशिवाय जमत नाहीत. चालवणारं कोणी नसेल तर एखादी दिवसभराची सहल घ्या आणि उरलेले दिवस गावात मजेत काढा.

६. किती दिवस पुरेत?

चार रात्री. पहिल्या दिवशी काहीही नाही (का ते प्रश्न ७ मध्ये). एक दिवस ग्रँड कॅन्यन, एक दिवस सनसेट क्रेटर (जुना ज्वालामुखी) आणि वुपाट्की (जुन्या दगडी वस्तीचे अवशेष), एक दिवस उल्कापाताचं विवर आणि वॉलनट कॅन्यन (कड्यांतल्या जुन्या घरांची दरी). सेडोना जोडायचं असेल तर पाचवी रात्र. सेडोना फक्त ३० मैलांवर आहे, ओक क्रीक कॅन्यनचा उतरता घाट सुरेख आहे, पण ते अडीच हजार फूट खाली असल्याने तिथे भरपूर उकडतं. म्हणून तेही सकाळीच.

वुपाट्कीला जाणार असाल तर एक गोष्ट चुकवू नका. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या दगडी वस्तीशेजारी जमिनीत एक छोटं भोक आहे. खाली भेगांचं मोठं जाळं आहे, आणि हवेचा दाब बदलेल तसं ते भोक कधी श्वास सोडतं, कधी ओढून घेतं. तापल्या दुपारी त्यावर वाकलं की तोंडावर थंडगार झोत येतो. माझ्या सासूबाईंनी वीस मिनिटं तिथून हलायला नकार दिला होता.

७. आई-बाबा सत्तरीचे आहेत. उंचीचा त्रास होईल का?

थोडा होतो, बहुतेकांना. जिना चढताना धाप, पहिल्या रात्री तुटक झोप, डोकं जड. म्हणून आल्या दिवशी फक्त जेवण आणि बफेलो पार्कमध्ये सपाट रस्त्यावरची संथ चक्कर. तिथला फेरा दोन मैलांचा आहे, पण अर्ध्यातून परत फिरलात तरी डोंगर तेवढेच छान दिसतात. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही.

हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना ७,००० फूट हा आकडा सांगून विचारा. नुसतं 'हिल स्टेशनला जातोय' म्हणू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर लोणावळा येईल. आराम करूनही धाप कमी होत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ दिसत असेल तर वाट बघू नका, तातडीची मदत घ्या.

स्नोबोल या स्कीच्या ठिकाणची गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) ११,५०० फुटांपर्यंत नेते. तिथे आई-बाबांना तिसऱ्या दिवसाआधी नेऊ नका.

८. ग्रँड कॅन्यन एका दिवसात होतं का? खाली उतरून नदीपर्यंत जाता येईल?

कड्यावरून बघणं होतं. साउथ रिम, म्हणजे दक्षिणेचा कडा, इथून सुमारे ८० मैल, दीड तास. सकाळी आठच्या आत गेटवर असाल तर पार्किंग मिळतं. पुढे आतल्या फुकट शटल बसने फिरा. येताना डेझर्ट व्ह्यू आणि कॅमेरॉनवरून या, म्हणजे तोच रस्ता पुन्हा लागत नाही.

नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा विचार उन्हाळ्यात करूच नका. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. 'आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात केलाय' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. अहो, गड चढताना दम संपला तर माणूस माघारी फिरतो आणि पुढे उतारच असतो. इथे उलटं आहे. आधी मजेत उतरता, आणि दमल्यावर चढ सुरू होतो, तोही भर उन्हात. कडा ७,००० फुटांवर, नदी अंदाजे २,४०० वर. वर २७ अंश असतात तेव्हा खाली चाळिशी ओलांडलेली असते. पार्कचे रेंजरही सांगतात की सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आतल्या वाटांवर चालू नका.

पहाटे ब्राइट एंजलच्या वाटेने अर्धा-पाऊण तास उतरा, फोटो काढा, परत फिरा. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा.

९. प्रवेश फीचं काय? वार्षिक पास घ्यावा का? आईला सीनिअर पास मिळेल?

या प्रश्नाचं उत्तर २०२६ पासून बदललंय. ग्रँड कॅन्यनची फी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. पण १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन धरून ११ गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झाला. वार्षिक पासही दोन झाले: इथल्या रहिवाशांसाठी ८० डॉलर, बाहेरच्यांसाठी २५०. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणजे अमेरिकन सरकारी फोटो ओळखपत्र, त्यामुळे तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स खिशात हवं. नियम नवे आहेत, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरचं फीचं पान वाचाच, विशेषतः गाडीत रहिवासी आणि पाहुणे मिसळलेले असतील तर.

सीनिअर पास ६२ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला नाही, वय कितीही असो.

वॉलनट कॅन्यन, सनसेट क्रेटर आणि वुपाट्की त्या अकरांत येत नाहीत, तिथे हा जादा आकार नाही. आणि राष्ट्रीय पास कुठे चालत नाही तेही ऐका: उल्कापाताचं विवर (खासगी मालकी), स्लाइड रॉक (राज्याचं उद्यान), मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन (नवाहो या मूळनिवासी जमातीची भूमी, त्यांची वेगळी फी).

१०. लोणार पाहिलंय. मग उल्कापाताचं विवर बघायला पैसे का घालवू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि तो फक्त मराठी माणूसच विचारतो.

लोणार मोठं आहे: व्यास सुमारे १.८ किलोमीटर, इथलं सुमारे १.२. पण लोणार आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, आत पाणी आहे, झाडी आहे, जुनी देवळं आहेत. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालेलं तुम्हाला आठवत असेल. इथलं विवर चुनखडी आणि वालुकाश्मात आहे, आणि कोरडं ठणठणीत. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी लोखंडाची उल्का आदळली, आणि वाळवंटी हवेमुळे जखम जशीच्या तशी राहिली. काठावर उलटे दुमडले गेलेले खडकांचे थर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लोणारला पाण्यामुळे आणि झाडीमुळे जे डोक्यात जुळवून घ्यावं लागतं ते इथे उघडं आहे.

गंमत म्हणजे ज्या डॅनियल बॅरिंजरने जमिनीखाली लोखंडाचा मोठा साठा मिळेल म्हणून इथे वर्षानुवर्षं खणलं, त्याला तो मिळाला नाही. उल्केचा बहुतेक भाग आदळतानाच उडून गेला होता. विवर उल्केचंच आहे हे १९६० मध्ये भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी कोएसाइट या प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या खनिजावरून सिद्ध केलं. पुढे अपोलोचे अंतराळवीर इथे सरावाला आले.

तोटा एवढाच की लोणारसारखं खाली उतरता येत नाही. काठावरूनच बघायचं. वारा भन्नाट असतो, टोपी धरून ठेवा.

११. तारे बघायला कुठे जायचं? प्लूटो इथेच सापडला ना?

इथेच. मार्स हिलवरची लोवेल वेधशाळा १८९४ सालची. क्लाइड टॉमबॉने १८ फेब्रुवारी १९३० ला तिथल्या छायाचित्रांच्या काचा ताडून बघताना प्लूटो पकडला. २००६ मध्ये त्याचं ग्रहपद गेलं, पण तो विषय गावात जपून काढा. १८९६ ची २४ इंची क्लार्क दुर्बीण अजून आहे. तिकीट आधी काढा, आणि पावसाळ्यात येणार असाल तर मनाची तयारी ठेवा. ढग आले की दुर्बीण काही करू शकत नाही. तारे हेच मुख्य कारण असेल तर जूनमधली अमावास्या गाठा.

पण तिकीट न काढताही चालतं. दिव्यांच्या उजेडावर मर्यादा घालणारा पहिला नियम या गावाने १९५८ मध्येच केला, आणि २००१ मध्ये जगातलं पहिलं 'इंटरनॅशनल डार्क स्काय सिटी' ठरलं. रस्त्यावरचे दिवे मंद का आहेत, गाव जुनाट आहे का, असं पाहुणे विचारतात. मी त्यांना गाडीतून उतरून वर बघायला सांगते.

१२. शाकाहारी जेवणाचं काय? स्वयंपाक करता येईल असं घर घेतलंय, काय आणू?

गावात भारतीय जेवण मिळतं, पिझ्झा-पास्ता भरपूर. मेक्सिकन ठिकाणी 'बीन्समध्ये लार्ड आहे का' हे आवर्जून विचारा. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. नवाहो लोकांचा फ्राय ब्रेड थेट आपल्या भटुऱ्याचा भाऊ वाटतो, पण तो कशात तळलाय हेही विचारून घ्या.

भारतीय वाणसामान फीनिक्स-चँडलरलाच घेऊन या. आणि कुकर आणा. या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास रटरटते आणि दाणा तसाच अख्खा. कुकरमध्येही नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त लागतात. डाळ आधी भिजवा. चहाला उकळी पटकन येते पण रंग उतरत नाही. थोडा वेळ झाकून ठेवा. पोहे, उपमा नेहमीसारखेच होतात.

१३. बातम्यांत वणवा दाखवतायत. बेत रद्द करू का?

लगेच नको. आधी आग नेमकी कुठे आहे आणि वारा कुठल्या दिशेला आहे ते बघा. बातम्यांत 'उत्तर ॲरिझोना' म्हणतात तेव्हा ती शंभर मैलांवर असू शकते. पण हलक्यातही घेऊ नका. जून २०२२ चा 'पाइपलाइन' नावाचा वणवा गावाच्या अगदी उशाशी होता. आणि डोंगर जळाला की प्रश्न संपत नाही. पुढची काही वर्षं मान्सूनमध्ये त्या उतारांवरून लोंढे येतात.

मे-जूनमध्ये जंगलात शेकोटीला बंदी बहुतेक वेळा असतेच, कधी जंगलच बंद असतं. कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टची सूचना बघितल्याशिवाय कॅम्पिंगचं ठरवू नका. घरी दमेकरी असेल तर हॉटेल घेताना रद्द करता येणारंच घ्या.

१४. हम्फ्रीज पीक चढू का? ट्रेकिंगची सवय आहे.

१२,६३३ फूट, ॲरिझोनातलं सगळ्यात उंच शिखर. जाऊन-येऊन दहा मैलांच्या आसपास, चढाई तीन हजार फुटांहून जास्त. सवय असेल तर जमेल, पण गावात दोन दिवस काढल्यावर. पहाटे पाचला पायथ्याशी असा, अकरापर्यंत माथा सोडलेला असला पाहिजे.

मी हे अनुभवाने सांगते. पहिल्या खेपेला आम्ही आठला निघालो आणि खिंडीत पोचायला दुपारचा एक वाजला. पाऊस नव्हता, फक्त ढग खाली आले होते. वहिनीचे वेणीतून सुटलेले केस हळूच उभे राहिले, सगळे, सरळ वर. ती हसत होती. नवऱ्याच्या काठीतून बारीक चर्र आवाज यायला लागला तेव्हा आम्ही पळालो, झाडीची रेषा येईपर्यंत थांबलो नाही. मागे कुठेतरी वीज पडली.

आणखी एक. हा डोंगर नवाहो, होपी आणि इतर अनेक जमातींना पवित्र आहे. होपींच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारे काचिना नावाचे आत्मे इथे राहतात. आपल्याकडच्या देवाच्या डोंगरावर जसे वागू तसे वागा. स्पीकर लावून गाणी नकोत.

१५. फोनमधलं घड्याळ मध्येच एक तास पुढे गेलं. बिघडलंय का?

नाही. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो भूमी करते. त्या भूमीतल्या कॅमेरॉनला पोचलात की फोन उडी मारतो. होपींची भूमी चहूबाजूंनी नवाहो भूमीने वेढलेली आहे, आणि ती पुन्हा घड्याळ बदलत नाही! मॉन्युमेंट व्हॅली नवाहो वेळेवर चालते. अँटिलोप कॅन्यनजवळचं पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेवर. अँटिलोप कॅन्यनच्या सहली सहसा पेजच्या वेळेवर निघतात, तरी बुकिंग करताना कुठली वेळ ते विचारून घ्या. फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय त्या दिवसापुरती बंद ठेवा किंवा हाताला साधं घड्याळ बांधा.

घरी फोन करायचा हिशेब मात्र वर्षभर एकच: भारत साडेबारा तास पुढे.

१६. हॉटेल स्टेशनजवळ स्वस्त मिळतंय. घेऊ का?

गाढ झोप लागत असेल तर घ्या. रुळांवरून मालगाड्या रात्रंदिवस धडधडत असतात. दादर-परळला वाढलेल्यांना अंगाईसारखं वाटतं. बाकीच्यांनी दक्षिणेकडे, रुळांपासून लांब बघावं.

१७. परतीचं विमान फीनिक्सहून रात्री नऊचं आहे. फ्लॅगस्टाफहून किती वाजता निघू?

रविवार असेल तर दुपारी दोनला. थंड हवेला आलेलं अर्धं फीनिक्स त्याच वेळी इंटरस्टेट १७ ने घाट उतरत असतं, आणि मध्ये अपघात किंवा वणवा झाला तर जवळचा दुसरा रस्ता नाही. बाकी वारी साडेतीन चालेल. स्वेटर बॅगेत तळाशी टाका, पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा. खाली उतरून दार उघडलं की भट्टीच असते.